पार्जिमान नावाची माणसं

१

बेजोचा दिवस पायांपासून सुरू व्हायचा. रात्रभर भिजून टरारलेलं सोयाबीन टोपात ओतायचं, लुंगी गुडघ्यांच्या वर खोचायची आणि विहिरीपाशी उभं राहून दाणे तुडवायचे. सालं सुटून पाण्यावर तरंगली की फेकायची, दाणे उकडायचे, निवले की विरजणाची पूड चोळायची आणि केळीच्या पानांत मूठमूठ बांधून मधल्या खोलीतल्या बांबूच्या मांडणीवर रचायचे. दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते, दाण्याला दाणा चिकटतो आणि तेंपेची वडी तयार होते. ती घेऊन सहाच्या आत क्लातेनच्या बाजारात पोचायचं आणि दहापर्यंत विकून परत यायचं. बाराव्या वर्षी शाळा सुटली तेव्हापासून एकोणीस वर्षं यात खंड नव्हता. घरात दोघंच होते, तो आणि त्याची आई. आईला तो खेड्यातल्या सगळ्या पोरांसारखं सिम्बोक म्हणायचा.

एके सकाळी बाजारात शेजारच्या मासळीवालीनं गंमत म्हणून मोबाईलवरची एक जाहिरात मोठ्यानं वाचून दाखवली. जावा बेटावरच्या पार्जिमान नावाच्या सर्व माणसांनी एकत्र यावं, मंडळ निघालं आहे, ओळखपत्राचा फोटो पाठवावा. ती हसली. आपल्याकडे कशाकशाची मंडळं निघतील नेम नाही, म्हणाली. बेजो मात्र हसला नाही. त्याच्या ओळखपत्रावर तेच नाव होतं.

जन्मल्यावर त्याचं नाव पार्जिमानच ठेवलं होतं. पण सहाव्या वर्षी ताप यायला लागला तो जाईना. वडीलधारी म्हणाली, पोराला नाव जड झालंय, पेलवत नाही. मग मोदिनला, म्हणजे मशिदीत अजान देणाऱ्या आणि गावाची असली कामं बघणाऱ्या म्हाताऱ्याला, घरी बोलावून नाव उतरवलं आणि बेजो हे हलकं नाव दिलं. तिसऱ्या दिवशी ताप गेला. वडील कचेरीत जाऊन कागदावरचं नाव बदलणार होते. ते राहिलं, आणि वडीलही गेले.

त्यानं फोटो पाठवला. दुपारी मंडळाच्या मोबाईलवरच्या गटात त्याचं स्वागत झालं आणि तो यादी पुन्हा पुन्हा वाचत राहिला. सगळे पार्जिमान. ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे एकेक शब्द. पार्जिमान गोल हा एके काळी प्रांताच्या संघाचा गोलकीपर होता. पार्जिमान गाणं टीव्हीवर दिसायचा. पार्जिमान न्याय निवृत्त न्यायाधीश होते. पार्जिमान डोळे सेमारांगचे मोठे डॉक्टर, मोतीबिंदूचे. त्याला विचारण्यात आलं, तुमच्यापुढे काय लावू? त्यानं बराच वेळ विचार केला आणि लाजत लिहिलं: तेंपे.

पुढच्या बैठकीच्या जागेसाठी चिठ्ठी काढली. चिठ्ठी निघाली पार्जिमान तेंपेची. हे चौघं रविवारी येतो म्हणाले.

सिम्बोकला सांगितलं तेव्हा ती चुलीपाशी होती. ती वळलीसुद्धा नाही.

"ते नाव मी तुझ्या अंगावरून उतरवलंय."

"कार्डावर आहेच की, सिम्बोक."

"कार्डाला ताप येत नाही."

तो हसला. तिला समजावलं की ही मोठी माणसं आहेत, टीव्हीतली, ती आपल्या घरी येऊन जेवणार, आपल्या चटईवर बसणार. त्याच्या मनात होतं ते त्यानं सांगितलं नाही. त्याला एकदाच हवं होतं की अशा माणसांच्या मधोमध बसलेल्या आपल्या पोराकडे सिम्बोकनं बघावं, आणि हा माझा, असं तिच्या तोंडावर दिसावं.

२

रविवारपर्यंत त्याला धड झोप आली नाही. पुढच्या खोलीला चुना दिला, खुर्च्या मागून आणल्या, पिवळ्या भाताचा उंच सुळका रचायला सिम्बोकला राजी केलं. नारळाच्या दुधातली कोंबडी, तळलेलं तेंपे, मिरचीचा ठेचा. सकाळी आठपासून तो दारात उभा होता. शेजारणी कुंपणावरून विचारत होत्या, काय रे बेजो, लग्नबिग्न ठरलं की काय? आणि तो मान खाली घालून हसत होता.

नऊच्या सुमाराला भाड्याची गाडी कोपऱ्यावर थांबली आणि आतून पहिल्यांदा गोलकीपर उतरला. अंगानं आता सुटला होता, पण उंची तीच, खांद्यांची रुंदी तीच. बेजोनं त्याचे फोटो जुन्या वर्तमानपत्रांत पाहिले होते. त्याला वाटलं आपलं हृदय बाहेर येऊन अंगणात पडणार.

"पार्जिमान," गोलकीपर म्हणाला आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "पार्जिमान," बेजो म्हणाला. पंचवीस वर्षांनी त्यानं ते नाव स्वतःच्या तोंडानं उच्चारलं होतं. दोघंही हसले.

गोलकीपरनं उंबऱ्याशी चपला काढल्या, पाय धुळीनं भरलेत म्हणाला आणि आत गेला. पुढची खोली ओलांडली, मांडणीच्या खोलीचा पडदा सारला, मांडण्यांच्या मधल्या बोळातून गेला आणि मागच्या दाराशी खाली वाकला. विहिरीवर बादली सोडल्याचा आवाज आला.

बेजो पुढच्या खोलीतच उभा राहिला. विहीर कुठे आहे, हे त्यानं सांगितलं नव्हतं. तेही जाऊ दे, सगळ्या घरांना विहीर मागेच असते. पण मागच्या दारावर एक आडवी तुळई आहे, अंधारात दिसत नाही, आणि या घरात पहिल्यांदा आलेला प्रत्येक माणूस त्या तुळईवर डोकं आपटतो. पोस्टमन आपटला होता, विरजणवाला आपटला होता. गोलकीपर वर न बघता वाकला होता.

उंच माणूस, बेजोनं मनाशी म्हटलं. उंच माणसांना वाकायची सवय असते. एवढं म्हणून तो गाडीकडे पळाला.

३

बाकीचे तिघं आले आणि घर भरून गेलं. असा आनंद त्याच्या घरात कधी शिरलाच नव्हता. गवई पार्जिमान दारापासूनच गुणगुणत आला. त्याच्या अंगठ्या, त्याचा सुवास, त्याचं हसू, सगळं टीव्हीत दिसायचं तसंच. तो बेजोच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "अरे तेंपे, तुझ्यासाठी मी आज एक लग्न सोडून आलोय, मला पोटभर खायला नाही घातलंस तर इथेच रडायला बसेन." बेजो लाजून लाल झाला. न्यायाधीश किडकिडीत, ताठ, पांढरा शर्ट. खुर्च्यांच्या रांगेतून त्यांनी नेमकी एक खुर्ची उचलली, भिंतीकडे सरकवून ठेवली आणि दुसरीवर बसले. ती खुर्ची घरचीच होती. तिचा मागचा पाय आतून चिरलेला होता आणि वरून काहीच दिसत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, अंधार आहे जरा. आणि बोलता बोलता त्यांनी कपाटाच्या मागे हात घालून दिवा लावला.

बेजोनं बटणाकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या हाताकडे. कपाट आणल्यापासून बटण त्याच्यामागे गेलं होतं. आपण घरमालक, आपणच लावायला हवा होता, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला ओशाळल्यासारखं झालं. दुसरा विचार त्याच्या मागोमाग येत होता, पण तेवढ्यात गवयानं टाळी वाजवली आणि सिम्बोक भात घेऊन बाहेर आली.

ती आधी अवघडून उभी होती. चौघांनी वाकून तिचा हात हातात घेतला, कपाळाला लावला, आणि एकामागून एक म्हणाले, सिम्बोक. काकू नाही, मावशी नाही, घरच्या पोरानं म्हणावं तसं सिम्बोक. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. गोलकीपरला ती म्हणाली, "किती सुटलास रे थोले," आणि त्याच्या पोटावर चापट मारली. सगळे मोठ्यानं हसले. बेजोही हसला. थोले म्हणजे पोरा. ती आजवर फक्त त्यालाच थोले म्हणत आली होती.

पण आज सणच होता. आज सगळेच भाऊ.

जेवताना न्यायाधीशांनी लहानपणची एक गोष्ट सांगायला घेतली. आपल्याला एकदा फार ताप आला होता, म्हणाले. छताला चटईच्या विणीचे चौकोन होते. आपण ते मोजत पडलेलो असायचो.

"आणि सत्ताविसाव्याला भोक होतं," गवई म्हणाला.

"त्यातून उजेड यायचा तो पोटावर पडायचा," डॉक्टर म्हणाले.

"आणि सिम्बोकचा हात," गोलकीपर खाली बघत म्हणाला. "भिजलेल्या सोयाबीनच्या वासाचा."

बेजोच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि तो आधी आनंदाचाच होता. हे त्याचं होतं. हे तो कुणालाही बोलला नव्हता. त्यानं वर पाहिलं. छताची चटई होती, विणीचे चौकोन होते. त्या तापाबद्दल याहून जास्त काही आठवतं का म्हणून तो शोधायला लागला. आणखी काहीतरी नक्की होतं. एक आवाज होता, एक चव होती. तो शोधत राहिला, पण त्याला फक्त एवढंच सापडलं, जेवढं त्या चौघांनी आता सांगितलं होतं, आणि तेही त्यांच्या आवाजात.

४

सिम्बोक वाढत वाढत त्याच्यापाशी आली. भाताचा डाव हातात, कपाळावर घाम, तोंडभर हसू. तिनं त्याच्या ताटाकडे पाहिलं.

"तुम्ही काहीच घेतलं नाहीत. लाजू नका, आपलंच घर समजा."

जावाच्या खेड्यात आई आपल्या पोराला अहो-जाहो करत नाही. ती बोली पाहुण्यांसाठी, लग्नातल्या व्याह्यांसाठी, कचेरीतल्या साहेबांसाठी असते. बेजोला वाटलं ती थट्टा करतेय. नावावरून झालेल्या वादाचा राग असेल. तो म्हणाला, "सिम्बोक, पुरे आता." ती अदबीनं मागे सरली, जसं परक्या माणसानं नको म्हटल्यावर सरावं तसं, आणि गोलकीपरच्या ताटात कोंबडीची तंगडी घातली. तंगडी नेहमी बेजोची असायची.

तो उठला आणि मांडणीच्या खोलीत गेला. पडदा सोडला. इथे बरं वाटेल असं त्याला वाटलं. चार-चार फळ्यांवर पानांच्या पुड्यांच्या रांगा, मंद उजेड, ओल्या केळीचा वास. तेंपे जमत असताना आतून तापतं, हे त्याला नवं नव्हतं. एका पुडीवर हात ठेवला तर ती कुणाच्या तरी कपाळासारखी गरम होती.

विचार कर, तो स्वतःला म्हणाला. मोठी माणसं आहेत. मोठ्या माणसांना सगळ्यांशी गोड बोलता येतं. म्हातारी भारावली, बोलण्यात गडबडली. ताप तर सगळ्या पोरांना येतो. छत सगळ्या घरांना चटईचंच. बटण कपाटामागे, त्याला काय, डॉक्टर माणूस, वायर कुठे जाते ते बघितलं असेल. त्यानं एकेक गोष्ट अशी सोडवली आणि त्याला खरंच धीर आला.

बांबूच्या भिंतीपलीकडे बोलणं चाललं होतं. गवयाचा दाट आवाज, न्यायाधीशांचा कोरडा. डॉक्टर हळू बोलत. गोलकीपर हसला की खुर्ची करकरायची. सिम्बोक काहीतरी विचारत होती, पुन्हा घ्यायचं का असं काहीतरी, आणि चौघंही नको नको म्हणत होते. मग पाचवा आवाज बोलला.

तो आवाज जरा अडखळत, खालच्या पट्टीत म्हणाला, "मला दे, सिम्बोक."

सिम्बोक म्हणाली, "घे रे बेजो."

बेजो तर इथे मांडणीपाशी उभा होता. बेजो हे नाव मंडळात कुणाला माहीत नव्हतं. कार्डावर नव्हतं. आणि आवाज ओळखायला त्याला वेळ लागला, कारण स्वतःचा आवाज माणूस भिंतीपलीकडून कधी ऐकत नाही.

तो पडद्याकडे गेला नाही. मागच्या दारानं पळाला आणि जाताना तुळईवर कपाळ आपटलं.

५

मोदिन मशिदीच्या अंगणात पालापाचोळा झाडत होता. ऊन डोक्यावर आलं होतं.

"काय रे बेजो, कपाळाला काय झालं?"

बेजो, असं त्यानं म्हटलं तेव्हा बेजोला रडूच फुटलं. त्यानं सगळं सांगितलं. जाहिरात, कार्ड, चिठ्ठी, तंगडी, सिम्बोकचं 'तुम्ही'. भिंतीपलीकडचा आवाज सगळ्यात शेवटी. मोदिननं झाडू भिंतीला टेकवला.

"उतरवलेलं नाव परत अंगावर घेतलंस? विचारलंस कुणाला?"

"कार्डावर होतं, मोदिनबाबा. मला वाटलं कागदावर आहे तर आपलंच."

"तुझ्या बापाला तेव्हाच म्हटलं होतं, कचेरीत जा. तो म्हणाला, भात कापून झाल्यावर." म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं. "असली मोठी नावं पेलणारे पेलतात. ती माणसं वाईट नाहीत, त्यांचं काही म्हणणं नाही. नाव एकदा कुठे पेललं गेलं नाही की ते त्या माणसाला हुडकत राहतं, आणि सापडला की त्याचं सगळं पेलणाऱ्यांत वाटून टाकतं."

"मग आता?"

"आता परत उतरवायचं. आजच. ते तिथे आहेत तोवर."

मोदिनच्या बायकोनं लगेच चुलीवर तांदळाची पेज चढवली. निम्मी पांढरी ठेवली, निम्मी ताडाचा गूळ आणि नारळाचं दूध घालून लाल केली. बेजो चुलीपाशी उकिडवा बसून बघत राहिला. इतकं उकळायला किती वेळ लागतो, असं त्यानं तीनदा विचारलं. वाटेत मोदिननं नियम सांगितला. नाव उतरवणारी आईच. ज्याचं नाव उतरवायचं त्याच्या तोंडात तिनं लाल पेजेचा पहिला घास द्यायचा आणि त्याला त्याच्या नव्या नावानं हाक मारायची. मग तो तिचा.

"तुम्ही तिला सांगा ना, हा बेजो म्हणून."

"मी सांगून चालत नाही."

"पण ती मला ओळखेल ना?"

मोदिन चालत राहिला. "आई आहे," म्हणाला.

बेजो जवळजवळ धावत होता. वाडगं गरम होतं, फडक्यातून बोटं भाजत होती, आणि त्याला ते भाजणं आवडत होतं. एवढा एक घास, आणि सगळं जागेवर. उद्या पहाटे सोयाबीन तुडवायचं. मंडळाला कळवून टाकायचं, चूक झाली. एकोणीस वर्षांचा कंटाळा त्याला अचानक इतका गोड वाटला की तो चालता चालता हसायला लागला.

६

पुढच्या खोलीत ते चौघं चटईवर रांगेत बसले होते. जेवणं झाली होती, ताटं उचलली होती. मोदिनला बघून सगळे अदबीनं सरकून बसले आणि बेजोसाठी टोकाला जागा झाली. पाचवा कुणी तिथे नव्हता. त्यानं खोलीचे चारही कोपरे बघितले. नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडला.

मोदिननं वाडगं सिम्बोकच्या पुढ्यात ठेवलं आणि हळू आवाजात प्रार्थना म्हटली. मग तिला तिच्या नावानं हाक मारून म्हणाला, साकिनेम, तुझ्या पोराचं नाव जड झालंय. उतरव.

सिम्बोकला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिनं पदरानं हात पुसले, चमचा लाल पेजेत बुडवला आणि उभी राहिली. तिचे डोळे ओले होते. सगळं तिला आठवत होतं, हे बेजोला दिसलं, तो ताप, त्या रात्री, सगळं. तो गुडघ्यांवर बसला. तोंड वर केलं.

ती थेट त्याच्यापाशी आली. चमच्यातून वाफ निघत होती. तिच्या हाताचा वास आला. तिनं त्याच्या कपाळावरच्या टेंगळाकडे पाहिलं आणि तिच्या भुवया जरा आक्रसल्या, जसं एखादं नाव ओठांवर येता येता अडकावं. तो हललासुद्धा नाही.

"लागलंय का तुम्हाला?" ती म्हणाली. "थांबा हं, मागाहून हळद देते."

आणि ती पुढे गेली. न्यायाधीशांना ओलांडलं, डॉक्टरांना, गवयाला. दुसऱ्या टोकाला गोलकीपर बसला होता. तो एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा डोळे मिटून बसला होता. सिम्बोकनं त्याची हनुवटी धरली आणि चमचा त्याच्या तोंडात दिला.

बेजोच्या जिभेवर गूळ पसरला.

त्यानं दात घट्ट मिटले होते. पण गूळ होता, गरम, किंचित जळका, त्यात नारळाचं दूध, आणि तांदळाची एक कणी टाळूला चिकटली. हीच ती चव. जेवताना शोधून सापडली नव्हती ती हीच. तो ती गिळायची की नाही ठरवेपर्यंत ती घशाखाली उतरली होती, आणि छातीत ऊब पसरत गेली, इतकी छान, की त्याला ओरडावंसं वाटलं.

"गोड झालंय का रे, बेजो?" सिम्बोकनं विचारलं.

त्याच्या आयुष्यात तिनं कुणाकडे असं पाहिलं नव्हतं. हा माझा, असं तिच्या तोंडावर उघड लिहिलेलं होतं.

"हो, सिम्बोक," बेजो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. आवाज त्याचाच होता, जरासा अडखळणारा, खालच्या पट्टीतला, आणि तो खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, गोलकीपरच्या तोंडून आला.